काळी तीन

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्या बाकावरूनही ऐकू येतं म्हणा, पण कीर्तन आणि गोष्ट जवळ बसूनच ऐकावी. आज आमच्या रत्नप्रभाबाईंची गोष्ट सांगायची आहे. खाडीपलीकडे, मढला, मौनाच्या शिबिरात ती घडली. मौनात कसली गोष्ट घडते, असं म्हणू नका. सगळ्यांची तोंडं बंद होती म्हणूनच ती घडली.

रत्नप्रभा उजागरे म्हणजे अंधेरीच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या कीर्तनकार. साठी उलटलेली, पदर कमरेला खोचलेला, हातात झांजा. पवित्र शास्त्रातलं एखादं वचन घ्यायचं, पूर्वरंगात ते सोडवून सांगायचं आणि उत्तररंगात आख्यान असं लावायचं की ऐकणाऱ्याला घरचा गॅस चालू राहिल्याची आठवण होऊ नये. मागे पेटीवर जयवंत भिंगारदिवे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, घाटकोपरहून यायचा. वीस वर्षं त्याची पेटी आणि बाईंचा गळा ही एकच वस्तू होती.

आता पेटीचं थोडं सांगायला हवं. पेटीच्या काळ्या पट्ट्या डावीकडून मोजतात. पाचवीवरून सूर धरला की गळ्याला शिडी चढावी लागते. तिसरीवरून धरला की ओट्यावर बसून बोलावं तसं गाता येतं. बाईंची पट्टी विशीपासून काळी पाच, आणि तिचा त्यांना अभिमान होता. देवाच्या कामाला देवानं दिलेला गळा, एवढा अभिमान चालतो असं त्या म्हणायच्या.

अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोलाल नीट, पण वरचे सूर विसरा. मंडळीनं साखळीप्रार्थना धरली. पहाटे कोण, दुपारी कोण, अशा पाळ्या लागल्या. काही महिन्यांनी बाई भीत भीत कीर्तनाला उभ्या राहिल्या. जयवंतनं सूर दिला, बाईंनी डोळे मिटले, आणि आवाज इतका सहज निघाला की त्या स्वतःच दचकल्या. त्याच सकाळी त्यांनी साक्ष दिली: "प्रभूनं माझा गळा होता तसा परत दिला. काळी पाच, पूर्वीसारखी." लोक रडले. तेव्हापासून जखऱ्या याजकाचं आख्यान लागलं की शेवटी ही साक्ष यायचीच. विश्वास कमी पडला म्हणून मुका झालेला जखऱ्या, त्याची सुटलेली जीभ आणि बाईंचा सुटलेला गळा.

त्या साक्षीवर सगळ्यात जास्त भार टाकला होता चंपा पाटोळेनं. तिचा हर्षद तिशीतला, दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चंपा बाईंचा हात धरून म्हणायची, "बाई, तुमचा गळा दिला ना त्यानं? मग माझ्या पोरालाही उठवील. तुमच्या साक्षीवर मी उभी आहे बघा."

आणि यंदाच्या, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी जयवंत तापानं आजारी पडला. पेटीवर आली मुलुंडची निधी, शाळेत गाणं शिकवणारी. सूर देण्याआधी तिनं वाकून विचारलं, "बाई, काकांनी काळी तीन सांगितलीय. तीनच ना?"

"कसली तीन? पाच धर."

निधीनं पाच धरली. ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीला बाईंचा आवाज फाटला. पाणी प्यायल्या, पुन्हा धरलं, पुन्हा फाटला. लोकांना वाटलं, घसा कोरडा पडला असेल. मग निधीनं काही न बोलता बोटं तीनवर आणली, आणि दोन वर्षं निघत होता तसाच आवाज सुरळीत निघाला. बाईंनी कीर्तन पुरं केलं. सगळं काय ते त्यांना उभ्या उभ्याच कळलं होतं. पाठ पेटीकडे, डोळे मिटलेले. दोन वर्षांत खाली वळून पट्टी पाहावी असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून जयवंतचा फोन त्यांनी उचलला नाही. तो घरी आला तर दार सुनेनं उघडलं, "आई झोपल्यात." जयवंतनं फसवलं हे एक होतंच. पण त्याहून खोल आग दुसरीच होती. प्रभूनं काहीच दिलं नसताना प्रभूनं दिलं म्हणून त्या इतक्या लोकांना सांगत आल्या होत्या. प्रार्थनेला बसल्या की ओठ हलायचे आणि मनात एकच यायचं: तू ऐकलंस की नाही ऐकलंस?

मे संपता संपता मंडळीचं शिबिर ठरलं. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ मौन. रविवारी मौन सुटलं की बाईंचं कीर्तन, मग प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि प्याला, मग परत. आख्यान पाळकांनीच सांगून ठेवलं होतं: जखऱ्या, साक्षीसकट.

वर्सोव्याहून फेरीबोटीत सगळी बसली. जयवंत एका टोकाला, चादरीत गुंडाळलेली पेटी मांडीवर घेऊन. बाई दुसऱ्या टोकाला, तोंड सुकत घातलेल्या बोंबलांकडे. मध्ये चंपा.

मढच्या त्या जुन्या बंगल्याच्या पडवीत पाळक भाऊराव ओहोळांनी सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत गोळा केले. "मौन म्हणजे मौन. खाणाखुणा नाहीत, चिठ्ठ्याचपाट्या नाहीत. फक्त वचन वाचायचं आणि सकाळ-संध्याकाळ एक गीत गायचं. उरलेल्या वेळात प्रभूला बोलू द्या."

"पाळकसाहेब, घोरलं तर चालेल का?" कोणीतरी विचारलं.

"घोरणं प्रार्थनेत धरू. पण शेजारच्याला विचारून."

हसणं झालं, घंटा झाली, आणि माणसं गप्प झाली.

पहिल्या संध्याकाळच्या गीताला बाईंनी जयवंतकडे न बघता पेटी निधीसमोर सरकवली. चार बोटं दाखवली. खाणाखुणा नकोत हे त्यांना माहीत होतं, तरी दाखवली. पाच नाही तर नाही, चार तरी. आपल्याला अजून काय जमतं ते त्यांना देवासमोरच बघायचं होतं. गळा ताणून, मान वर करून त्यांनी गीत शेवटपर्यंत नेलं. नंतर घशात काचा भरल्यासारखं झालं. आपल्यामागे कोण गायलं, कोण नाही, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेवेसाठी जोड्या काढल्या, आणि बाईंच्या वाट्याला आला जयवंत. काम तांदूळ निवडायचं. एक परात, दोघं समोरासमोर. बाई आपल्या बाजूचे तांदूळ पुढे ओढायच्या, जयवंत त्याच्या बाजूचे. मध्ये परातीचा तळ उघडा पडत गेला. एका खड्यावर दोघांची बोटं एकदमच आली आणि दोघांनीही हात मागे घेतला. खडा तिथंच राहिला.

जयवंतनं एकदा तोंड उघडलं. "बा..." एवढंच आलं. बाईंनी तळहात वर केला. मौन. तो मान खाली घालून पुन्हा तांदूळ चाळू लागला. मौन पाळण्यात बाईंना इतकं समाधान कधी मिळालं नव्हतं, आणि ते समाधान प्रार्थनेचं नाही हेही त्यांना पक्कं कळत होतं. हात निवडत होते आणि मन रविवारच्या कीर्तनात होतं. उद्या उभं राहायचं. जखऱ्याची जीभ सुटायची. आणि मग? पुन्हा तेच सांगायचं, समोर चंपा बसलेली असताना? की सांगायचं नाही? सांगितलं नाही तर चंपा विचारणार, बाई, साक्ष का नाही दिलीत?

दुपारी शिबिर चालवणाऱ्या ऋताताईंकडे एकेकानं जायचं होतं. तिथं बोलायला परवानगी होती. ऋताताई नाशिककडच्या, केस बारीक कापलेल्या, पायात रबरी चपला. बाई खुर्चीवर बसल्या आणि दोन महिने धरलेलं सगळं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. "मी खोटी साक्ष दिली, ताई. दोन वर्षं. त्यानं मला खोटं पाडलं."

"कोणी? जयवंतनं की देवानं?"

बाईंना राग आला. "तुम्ही तर माझीच उलटतपासणी घेताय."

"मला खरंच कळलं नाही म्हणून विचारलं," ऋताताई म्हणाल्या. "तुम्ही चिडलात जयवंतवर, आणि बोलणं बंद केलंत दोघांशी."

 बाहेर कोणीतरी विहिरीवर बादली सोडली.

"उद्या काय सांगू मी लोकांना?"

"ते मला कसं माहीत असणार? बाई, तुम्ही शेवटचं कधी मागे बसून गीत ऐकलंत?"

"मी? मी पुढेच असते. आधीपासून."

"मग आज संध्याकाळी मागे बसा. गायचं नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत. पेटी ज्याची त्याला द्या."

बाईंना हे औषध फार साधं वाटलं. तरी संध्याकाळी त्या सगळ्यात मागे, भिंतीला टेकून बसल्या. जयवंतनं पेटी उघडली, एकदा मागे पाहिलं आणि सूर दिला. तीन.

पहिली ओळ संपायच्या आत बाईंनी मान वर केली. सगळी मंडळी गात होती. नुसतं ओठ हलवणं नव्हे, गात होती. पाळकांचा घोगरा आवाज, निधीचा कसलेला, आणि अगदी पुढे चंपाचा. चंपाचा आवाज जाडाभरडा, पाणी भरलेल्या हंड्यासारखा. बाईंनी आठवून पाहिलं. पंधरा वर्षं चंपा त्यांच्या कीर्तनाला येत होती. तोंड मिटून, हात जोडून. ती गाताना दिसू लागली ती दोन वर्षांपासून. तीच नाही, सगळेच. ध्रुवपद आलं की अलीकडे सगळं प्रार्थनामंदिर भरून यायचं, आणि बाईंना वाटायचं, बघा, माझ्या गळ्याची साक्ष किती फळली. काल चार धरली तेव्हा मागे कोण गायलं? एकही आवाज आठवेना. काल त्या एकट्याच गात होत्या. आणि त्याआधीची चाळीस वर्षं, कोणाचाच गळा न पोचणाऱ्या पाचवर?

 इतकी वर्षं त्यांनी लोकांना देवाबद्दल ऐकवलं होतं, आणि देवाला लोकांचं ऐकू दिलं नव्हतं. पट्टी त्यांच्या आजारासाठी खाली आली होती. पण त्या खालच्या दारातून आत कोण कोण येऊन बसलं होतं. बाईंना रडावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं. दोन्ही करता येत नव्हतं. त्या ऐकत राहिल्या. प्रार्थना अशी कोणती केली नाही, पण कितीतरी दिवसांनी त्या कोणाच्या तरी समोर बसल्या होत्या.

रविवारी सकाळी घंटा झाली, मौन सुटलं, आणि पडवीत एकदम बाजार भरला. बाई गर्दीतून सरळ हॉलमध्ये गेल्या. जयवंत एकटाच पेटी पुसत होता.

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी नाही, बाई."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर उभ्या राहिला असता?" त्यानं फडकं खाली ठेवलं. "मी तुम्हाला ओळखतो. पाच नाही तर काही नाही, म्हणाला असता. म्हटलं, पहिल्या दिवसापुरती खाली धरू. गळा मोकळा झाला की सांगू. तुम्ही तर कीर्तन संपायच्या आत साक्ष देऊन मोकळ्या."

"तेव्हा उठून सांगायचंस."

"सगळ्यांसमोर? लोक रडत होते, बाई. माझी हिंमत झाली नाही." त्याचा आवाज खाली गेला. "तेव्हापासून मी प्रभुभोजन घेतलेलं नाही."

बाईंना आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"तुम्ही सगळे पुढे जाता, मी पेटी वाजवत राहतो. लोकांना वाटतं, हा नंतर घेत असेल. तुम्ही माझ्यामुळे खोटं बोलत होता, आणि मी सूर धरून बसलो होतो. तो प्याला कुठल्या हातानं घेऊ?"

दोन वर्षं. आणि त्यांच्यापासून दोन हातांवर. बाईंनी खिडकीचा गज धरला.

"आज मी सांगणार आहे," त्या म्हणाल्या.

"चंपाताई बसलीय समोर."

"माहीत आहे मला."

"बाई, विचार करा. तिचं सगळं तुमच्यावर..."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.  पण हातातल्या झांजांचा आपोआप आवाज येऊ लागला तेव्हा त्यांनी त्या खाली ठेवल्या.

हॉल भरला. पूर्वरंग त्यांनी कसाबसा उरकला. मग जखऱ्या उभा राहिला: म्हातारा याजक, मंदिरात धूप जाळायला आत गेलेला. एरवी बाई त्याच्याबरोबर आत जायच्या. आज त्या बाहेरच थांबल्या. "शास्त्र सांगतं, बाहेर सगळे लोक प्रार्थना करत उभे होते. मी हे आख्यान किती वेळा लावलं, पण या लोकांकडे कधी बघितलंच नाही. याजक आत, देवदूत आत, आवाज गेला तोही आत. आणि ही माणसं उन्हात उभी. त्यांना कोणी सांगितलं नाही की याजकाचं तोंड बंद झालंय. ती प्रार्थना करतच होती." त्या थांबल्या. "आता माझं ऐका. मी तुम्हाला साक्ष दिली होती की प्रभूनं माझा गळा होता तसा परत दिला. तसं झालेलं नाही. माझे वरचे सूर गेलेत, ते गेलेतच. जयवंतनं मला सांभाळून पट्टी खाली आणली, आणि मला कळलं नाही. मी खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही, पण जे बोलले ते खरं नव्हतं."

 पाळकांनी शास्त्र मांडीवर मिटलं. चंपानं बाईंकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, मग पिशवी उचलली आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली.

बाईंना वाटलं, इथंच खाली बसावं. पण आख्यान अर्धं सोडता येत नाही. "जयवंता, काळी तीन धर," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. सूर आला. त्यांनी ध्रुवपद घेतलं: "अंगणात उभे आम्ही, दयाळा, दार उघड." पहिल्यांदा त्या एकट्याच गायल्या. दुसऱ्यांदा दोन-तीन आवाज लागले, बिचकत. मग बाकीचे. चंपाचा आवाज त्यात नव्हता, आणि तो नाही हे बाईंना प्रत्येक ओळीला ऐकू येत होतं.

प्रभुभोजनाला लोक पुढे गेले. पेटी थांबली. हॉलमध्ये नुसते पायांचे आवाज उरले, आणि जयवंत भिंगारदिवे ओंजळ पुढे करून रांगेत उभा राहिला. त्याला भाकर देताना पाळकांना वचन पुरतं म्हणवेना.

बाई रांगेत गेल्या नाहीत. त्या बाहेर आल्या. चंपा कुंपणाच्या भिंतीवर बसली होती.

"या. आणखी काही सांगायचं राहिलंय का?" चंपा म्हणाली.

"नाही."

"दोन वर्षं झाली. डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून मी त्याला तुमचंच सांगते. बाईंना दिलं, तुलाही देईल. आज घरी गेल्यावर काय सांगू?"

"माझं सांगू नकोस."

"मग कोणाचं सांगू? कशावर प्रार्थना करू मी?"

बाईंकडे आख्यानं होती, कीर्तनात गायच्या साक्या होत्या, दिंड्या होत्या. कामाला येईल असं त्यातलं काहीच नव्हतं. "चंपा, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "त्यानं मला नाही म्हटलं, म्हणजे तुलाही नाही म्हणेल असं नव्हे. पण हो म्हणेलच, असं आता मी म्हणणार नाही. मला एवढंच कळलंय, की तो नाही म्हणाला तेव्हाही तो तिथंच होता. मी त्याच्याकडे पाठ करून गात होते. काल मागे बसले तर तुझा आवाज ऐकला मी. पहिल्यांदा."

"माझा? माझा आवाज म्हणजे भांडं पडल्यासारखा."

"असू दे. मला त्यानं बरं वाटलं." बाई तिच्याशेजारी भिंतीला टेकल्या. "मंगळवारी मी येते. हर्षदच्या खुर्चीपाशी. सांगायला नाही, नुसती बसायला. तू नको म्हणालीस तर नाही येणार."

चंपानं पिशवी मांडीवर ओढली. मग पदरानं नाक पुसलं. "मी अजून चिडलेलीच आहे, बाई."

"खुशाल चीड."

"आणि मंगळवारी डबा घेऊन या. कँटीनमध्ये फक्त समोसे मिळतात." ती उठली. "चला आता. पाळक प्याला धरून उभे असतील."

पाळक खरंच उभे होते. बाकी सगळे वाट बघत बसले होते. दोघी शेजारी शेजारी गुडघ्यावर आल्या.

हर्षद अजून आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीवर बसतो. पुढे काय होईल मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्यासारखं मी सांगणारही नाही. तुम्ही आज रात्री दिवा मालवण्याआधी गुडघे टेकाल, तेव्हा त्याचं नाव घ्या. हर्षद पाटोळे. आणि त्याच्याशेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या त्याच्या आईचंही.